भुताच्या भीतीनं दोन वर्षं पाणी भरलं

मित्रहो, आज माझा विश्वासघात झालाय, आणि तोही सख्ख्या बहिणीकडून.

भोकरला जायचं म्हणून नांदेडच्या स्टँडवर उतरलो होतो. बस सोडून रद्दीच्या दुकानात शिरलो, नेहमीसारखं. तिथं ते भुताचं पुस्तक सापडलं. कव्हरवर विहीर आणि तिच्यातून वर आलेला हिरवा हात. नववीत असताना लातूरला आमच्या घरी हेच होतं, फक्त शेवटची पानं फाटलेली. ती ताईनं आधीच वाचलीत असं ती सांगायची. मी शेवट विचारला तर म्हणाली, "ज्या घरात रिकामी घागर दिसते, त्या घरात ते भूत शिरतं."

झालं. पुढची दोन वर्षं टँकर आला की गल्लीत सगळ्यात आधी मी पळायचो. ताई खाटेवर बसून सांगायची, "ती कोपऱ्यातली राहिली बघ."

आज उभ्या उभ्या खरा शेवट वाचला. भूत म्हणजे विहिरीवरचा वॉचमन, हातात हिरवा रबरी हातमोजा घातलेला. घागरीचं नावच न्हाई.

लगेच ताईला फोन लावला. म्हटलं, "तू खोटं बोललीस."

"हाव. मग काय करू? ती पानं मी न वाचताच बंबात घातली. लई भ्याव वाटायचं रे मला. अजून बी मी विहिरीत वाकून बघत न्हाई."

मी फोन ठेवला. वॉचमनचं तिला अजून सांगितलेलं न्हाई. तुम्हीच बोला, आज सांगू, का दोन वर्षं थांबू?