चौथ्या ओळीपाशी थांबलेला वर्ग

त्या आठवड्यात काजवालीला स्वस्थ बसवत नव्हतं. हात सारखा कमरेकडे जायचा, किल्ली चाचपायचा, परत यायचा.

"बसा ना जाऊबाई! नुसता खुळखुळा केलाय त्या किल्लीचा," धाकटी जाऊ वैतागली.

किल्ली चर्चमागच्या खोलीची. एकोणीस वर्षं दर रविवारी काजवाली तिथे कारखान्यातल्या बायकांना वाचायला शिकवत होती. एरवी आठवडाभर ती त्याच कारखान्यात शर्टांची काजं करायची. मजुरांनी पवित्र शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचावं, म्हणून पहिल्या पाळकांनी ती खोली उभी केली होती. विटा दिल्या होत्या कारखान्याच्या मालकाच्या आजोबांनी. मालकाचं कुटुंब अजूनही चर्चमध्ये पहिल्याच बाकावर बसतं.

वर्गाची रीत साधी होती. मावशीने, म्हणजे काजवालीने, एक ओळ वाचायची, सगळ्यांनी ती एका सुरात म्हणायची. कळली नाही तर तीच पुन्हा. मावशी थांबली की कुणी पुढे जायचं नाही.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. मागच्यांना दिसेना. "मावशी, मोठ्याने वाच की!" काजवालीने पहिली ओळ वाचली आणि साठ बायकांनी सवयीने ती म्हटली. दुसरीही म्हटली. तिसरी ओळ होती, आजारपणाची रजा बंद. ती कुणाच्या डोक्यात शिरेना, म्हणून तीनदा म्हणून झाली. वरच्या खिडकीतल्या मॅनेजरला त्या घोषणा वाटल्या. त्याने फाटक लावून घेतलं.

"आपण संप केलाय हे आम्हाला दुपारी कळलं," कॉलर विभागात शिवणारी जाऊ म्हणाली. "बरं झालं, कुणी सांगितलं तरी!"

शनिवारी पाळक घरी आले. खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले.

"बाई, माफीपत्रावर सही करा. फाटक उघडेल. नाहीतर वर्ग बंद करा म्हणतात."

"कोण म्हणतं? देव की पहिला बाक?" जावेने विचारलं.

पाळकांनी हातातली टोपी फिरवली. "चर्चचं छप्पर गळतंय," ते म्हणाले आणि निघून गेले.

रविवारी उपासना संपल्यावर त्याच खोलीत टेबलावर कागद आला. पलीकडे मॅनेजर आणि पाळक, दाराशी बायका. न वाचता सही करायची नाही, हे काजवालीनेच सगळ्यांना शिकवलं होतं. ती मोठ्याने वाचू लागली.

"आम्ही खाली सही करणाऱ्या."

"आम्ही खाली सही करणाऱ्या," दारातून आवाज आला. मॅनेजर दचकला.

"फाटकावर जमून आम्ही घोषणा दिल्या..."

काजवाली थांबली. मागे कुणी ब्र काढला नाही.

"वाचा पुढे," मॅनेजर म्हणाला.

"हे खोटं आहे."

"एका ओळीचा तर प्रश्न आहे, बाई," पाळक हळूच म्हणाले.

"एकेक ओळ करूनच शिकवलंय मी यांना."

तिने पेन बाजूला सारलं. कमरेची किल्ली सोडवायला वेळ लागला, गाठ जुनी होती. किल्ली तिने कागदावर ठेवली.

पायऱ्या उतरताना तिचा हात दोनदा कमरेकडे गेला आणि रिकामा परतला.

"आता वर्ग कुठे?" जावेने विचारलं.

"फाटकावर, उद्या. नोटिशीची चौथी ओळ राहिलीय."