काजूच्या आडून कोण बोललं?

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून फिदीफिदी हसणाऱ्यांतली मी. अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत वाढलेली, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. असले अनुभव लिहिणाऱ्यांना मी इथेच, याच पानावर, "झोप पूर्ण करा" असा सल्ला दिलेला आहे. आता माझीच पाळी आलीय, तेव्हा हसा खुशाल.

रत्नागिरीहून आरे-वारेकडे येताना मुख्य रस्ता सोडून वर चढलं की आमचं घर लागतं. नवरा लोट्याला कंपनीत असतो, सुट्टीला येतो. घरी मी आणि सासूबाई. दोन खोल्या आम्ही होमस्टेला देतो. घरामागे काजूची झाडं आणि त्यांच्या पलीकडे बंद पडलेली चिरेखाण. जांभ्या दगडाचे चिरे काढून काढून सरळ उभ्या भिंतींचा खोल चौकोन झालाय आणि पावसाचं पाणी त्यात उन्हाळ्यापर्यंत साचून राहतं. वरून बघाल तर थेट स्विमिंग पूल! पण उतरायला पायरी नाही, धरायला मूळ नाही... आत गेलेलं माणूस वर यायचं नाही.

आणि माझा आजार असा, की मला कुणाला "नाही" म्हणता येत नाही. पाहुणे आले की तोंडातून पहिलं वाक्य निघतं — "आपलंच घर समजा!" आणि लोक समजतात हो! सरळ स्वयंपाकघरात येऊन फ्रीज उघडतात. एक गृहस्थ तर सासूबाईंच्या खाटेवर पाय पसरून फोन चार्ज करत बसले होते, आणि वर मी त्यांना चहा नेऊन दिला. आई, म्हणजे सासूबाई, दाराआडून बघत होत्या.

"अगो, सांगत का नायस त्यांना?"

"पाहुणे आहेत हो आई. रिव्ह्यू वाईट देतील."

"रिव्यू घेऊन चाटायचाय काय?"

दिवाळीनंतर पुण्याचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि पहिलीतली मुलगी, ओवी. गच्चीवरून त्यांना खाण दिसली आणि ओवीच्या बाबांनी लगेच विचारलं, "ताई, त्या पाण्यात उतरता येतं का?"

मी काय म्हणावं? "तिकडे जरा... शक्यतो नकोच हं. जपून." झालं! एवढंच. नेहमीसारखं हसत हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायचं होतं. स्कूटरवर त्यांना मागे बसवून मी रत्नागिरीला गेले. डॉक्टरकडचं उरकून मासळी बाजारात बांगडे घेत होते, आणि एकाएकी माझंच कालचं बोलणं आठवलं. "शक्यतो नको" म्हणजे काय? शक्य असेल तर जा, असंच ना? ओवीच्या बाबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कोळीण उरलेले पैसे हातात ठेवत होती, ते न घेताच मी निघाले.

तो रस्ता मी कशी आले ते मलाच ठाऊक. आई मागे खांदा घट्ट धरून काहीतरी पुटपुटत होत्या. मला डोळ्यांसमोर फक्त ते हिरवं पाणी दिसत होतं.

अंगणात पोचले तर गाडीत बॅगा भरणं चाललं होतं. ओवी तिच्या आईला चिकटून मुसमुसत होती. धडधाकट! मला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात तिचे बाबा माझ्यावर उखडले.

"ताई, नीट सांगितलं असतं तरी कळलं असतं आम्हाला. लहान मुलीवर असं ओरडतात?"

"मी? कधी?"

"आत्ता, अर्ध्या तासापूर्वी! खाणीवर! 'एक पाऊल पुढे टाकायचं नाही! हे घर तुमचं नाही!' केवढ्यानं ओरडलात!"

मी मासळीची पिशवी वर धरली. "दादा, मी सकाळपासून रत्नागिरीत आहे. आत्ता येतेय. आई माझ्याबरोबर होत्या."

"दिसला नाहीत. काजूच्या आडून बोललात. पण आवाज तुमचाच होता. दोन दिवस ऐकतोय की मी."

त्यांच्या बायकोनेही मान हलवली. ओवी काठावर पोचली होती, त्या आवाजाने दचकून मागे पळाली, म्हणे. पायातली चप्पल तिथेच राहिली.

आम्ही चप्पल आणायला गेलो. ओवी जिथे उभी होती तिथला काठच नव्हता. ओल्या मातीचा केवढा तरी लचका आत कोसळला होता, आणि खाली पाण्यावर गुलाबी चप्पल तरंगत होती. तिचे बाबा काठापासून मागे मागे सरकले.

काजूखाली कुणी नव्हतं. आजूबाजूला एकच घर, आणि ती शेजारीण महिनाभर मुंबईला लेकाकडे होती.

गाडी गेल्यावर मी आईंना विचारलं, "कोण असेल हो?" त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं त्याला."

आमच्याकडे वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं मागतो, बाकीचे "होय महाराजा" म्हणतात. यंदा मी आत पाहुण्यांचे वडे तळत बसले होते. तेव्हा म्हणे आईंनी मागितलं होतं — "माझ्या सुनेला नाय म्हणता येत नाय. वेळ आली तर तिच्या तोंडचं तूच बोल."

योगायोग म्हणा, भास म्हणा. पण दोघांना, तिघांना एकच भास? खाणीला आता तारेचं कुंपण आहे.

गेल्या आठवड्यात नवे पाहुणे आले. कुंपण ओलांडून फोटो काढू का, म्हणाले. मी तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात शब्द बाहेर पडला — "नाही!" पाहुणे मुकाट मागे फिरले. ओटीवर आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "होय महाराजा."

ते त्या मला म्हणाल्या की राखणदाराला, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.