देवीसमोर बसून राहिलेल्या बाई

आमच्या सुलभाबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, तेव्हा गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहा, असा निरोप समितीकडून आला. चार शब्दांत बाई मावायच्या नाहीत, हे समितीलाही ठाऊक असणार. मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते, लिहिला तो फक्त पेशंटचा ताप. तेव्हा गोड मानून घ्यावं.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते चिखलात. पेणच्या खारेपाटात आमचं गाव. एसटी अलीकडेच सोडायची आणि पुढे खाडीच्या बांधावरून पायी यावं लागायचं. नव्या बाई कशा दिसतात ते बघायला आम्ही पोरं बांधावर जाऊन उभी राहिलो होतो. बाई आल्या, घसरल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या. एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. आम्ही पोट धरधरून हसलो. बाईंनी उरलेली चप्पल हातात घेतली आणि म्हणाल्या, "हसून झालं असेल तर आता शाळा दाखवा." त्या दिवशी त्यांनी अनवाणीच शिकवलं, आणि तेही आधीच्या गुरुजींनी सहा महिन्यांत शिकवलं नव्हतं तेवढं.

शाळा भरायची देवीच्या देवळात. आम्ही पाढे म्हणायचो आणि देवी ऐकायची. बाईंचा आवाज असा, की समोरच्या मिठागरावर काम करणाऱ्या बायांनाही तेराचा पाढा पाठ झाला होता. बाईंनी कुणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही. त्या नुसत्या बघत बसायच्या. मुलाचं उत्तर येईपर्यंत बघत बसायच्या. एकदा आमच्यातल्या एकाने कंटाळून खरं सांगून टाकलं की देवीपुढचा नारळ आपणच खाल्ला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर पेणला. मुलगे जायचे, मुली मिठागरावर जायच्या. आमच्या वर्षी चौथीत दोनच मुली होतो, मी आणि गुरवाची शेवंती. मला पुढे शिकायचं होतं, इतकं की मी रात्री झोपेत भूगोल बडबडायचे. बाई पेणच्या रामवाडीला दोन खोल्यांत यजमानांसोबत राहायच्या; यजमानांना सगळे साहेब म्हणायचे. त्या सरळ आमच्या घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "दोघींना माझ्याकडे ठेवते. माझ्यासोबत राहतील, पेणच्या शाळेत जातील."

बाबा गडबडले. "साहेबांना इचारलंत काय?"

"त्यांना घरी गेल्यावर सांगते."

बाईंना तोंडावर नाही म्हणायची बाबांची छाती नव्हती. त्यांनी तोड काढली, "देवीला कौल लावू. ती सांगल ते खरं."

कौल म्हणजे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळी पडेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा गावचा नियम. एरवी एक विडी ओढून होईस्तोवर निकाल लागायचा.

त्या दिवशी अख्खा गाव देवळात जमला. शेवंतीच्या वडिलांनी, धर्मा गुरवाने, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही बसलो. बसलोच. पाकळ्या हलेनात. ऊन चढलं, म्हातारे पेंगायला लागले, घरोघरी कालवणं गार झाली. बाबा अस्वस्थ होऊन धर्माकाकांकडे बघत होते आणि धर्माकाका जमिनीकडे. बाई मात्र मांडी घालून बसल्या होत्या आणि बघत होत्या. देवीकडे नाही, बाबांकडे.

शेवटी बाबांना ते सोसेना. "बाई, माज्याकडं काय बघताय? मी काय केला?"

"काही नाही. पोरीला पाठवायला तुमची हरकत काय, एवढंच कळलं नाही अजून."

"मिठागरावर कामाला हात कमी पडतात."

बाई बघत राहिल्या.

"लोक नावं ठेवतील."

बाई बघत राहिल्या.

मग बाबा मान खाली घालून म्हणाले, "ती शेजारी नसली तर मना जेवान जात नाय."

अख्खं देऊळ हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग दर शनिवारी तिला मी स्वतः तुमच्या ताटाशी आणून बसवीन. सोमवारी घेऊन जाईन. चालेल?"

बाबांनी डोळे पुसले आणि मान हलवली. देवीचं उत्तर आलं नाही ते नाहीच. त्याचं कारण मला काकीने, म्हणजे धर्माकाकांच्या बायकोने, फार पुढे सांगितलं. बाबांनी धर्माकाकांना गुपचूप बजावलं होतं की डावी सैल लाव. काकीने त्याच सकाळी बजावलं होतं की उजवी सैल लाव, नायतर घरात पाय ठेवू नको. बिचाऱ्याने दोघांना भिऊन दोन्ही पाकळ्या चंदनाचा जाड लेप देऊन अशा चिकटवल्या, की दुसऱ्या दिवशी त्या खरवडून काढाव्या लागल्या.

रामवाडीला दार साहेबांनी उघडलं. समोर आम्ही दोघी, दोन गाठोडी आणि आईने दिलेल्या सुकटीचा वास. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "दहावीपर्यंत." साहेब म्हणाले, "मग आत तरी या."

वर्षभरात बाईंचा एकही शनिवार चुकला नाही. पाऊस असो, ताप असो, त्या बांधावरून चालत आम्हांला पोचवायच्या. मे महिन्यात निकाल घेऊन त्या घरी आल्या. बाबांनी तो उलटसुलट करून बघितला, वाचता येत नव्हता तरी बराच वेळ बघितला. मग माझ्या धाकट्या बहिणीला पुढे ढकलून म्हणाले, "बाई, आता हिलापन घेऊन जा."

बाई, तुम्हांला खूप आयुष्य मिळो आणि ते धडधाकट मिळो, ही प्रार्थना करताना माझा स्वार्थ लपवत नाही. माझी नात यंदा बालवाडीत आहे. ती पाचवीत जाईल तेव्हा रामवाडीचं दार तुम्हीच उघडायचं आहे.