यंदा माफी नाही

तळोद्यात कुणालाही विचारा, भांडीवाले दीपचंद लेखक आहेत असं सांगतील. सांगणाऱ्याने त्यांचं काही वाचलेलं नसतं, तो भाग वेगळा. फार पूर्वी काही दिवाळी अंकांत त्यांचे लेख आले होते, त्यावरच हे लेखकपण आजवर टिकून आहे. मी अल्पना, त्यांची बायको. ते लेखही मी वाचलेत आणि त्यांचं न लिहिणंही रोज बघितलंय.

न लिहिण्याची त्यांची एक पद्धत आहे. सकाळी दुकान उघडलं की गल्ल्याशेजारी कागद, पेन, चष्मा सगळं मांडायचं. मग म्हणायचं, "मोठे लोक सुरुवात कशी करतात ते जरा बघून घेतो." की मागच्या फळीवरून आवडतं पुस्तक खाली येतं. त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे एका स्टेशनमास्तरच्या आठवणींचं. त्याची पानं सुटलीत, तरी दरवेळी पहिल्यांदाच वाचतायत असे रमतात. एकदा डोंगरातल्या कालीबाईने पातेल्याला झाकण मागितलं, तर ह्यांनी पान न सोडता तिच्या हातात चाळणी दिली. ती बिचारी घाटापर्यंत जाऊन परत आली. तिची समजूत घालायला मीच.

लिहायचं होतं ते हीराबाईंबद्दल. हीराबाई म्हणजे ह्यांची काकी, माझ्या काकीसासू. ऐंशी कधीच ओलांडलीय. तरुणपणी नवरा गेला, पदरात मूल नव्हतं. मारवाड्याच्या घरातली विधवा घरात बसायची तो काळ. ह्या बाईने बैलगाडीत ॲल्युमिनियमची भांडी भरली आणि चांदसैलीचा घाट चढून धडगावच्या बाजारात नेऊन विकली. भांड्यांच्या बदल्यात चारोळी, डिंक घेऊन उतरायची. डोंगरातली बोली शिकली आणि त्या बोलीत घासाघीसही. आज आमचं दुकान उभं आहे ते त्या गाडीवर. काकींना अक्षरओळख नाही. आपली गोष्ट कुणीतरी लिहावी आणि आपल्याला वाचून दाखवावी, एवढीच त्यांची इच्छा. घरात लेखक असताना ती फार मोठी नव्हती.

आम्हा जैनांत पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला सगळे एकमेकांची माफी मागतात. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. हे दरवर्षी काकींपुढे हात जोडायचे, "काकी, यंदाही लिहिणं झालं नाही, मिच्छामि दुक्कडम्." काकी डोक्यावर हात ठेवायच्या. ह्यांना वाटायचं, हिशेब मिटला, पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी स्टेशनमास्तर पुन्हा फळीवरून खाली. आमच्या घरात धर्माचा इतका सोयीचा उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

गेल्या वर्षी काकींचा उजवा कान पूर्ण गेला. डावाही जाणार, मशीनचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर संवत्सरी आली. हे नेहमीसारखे हात जोडून उभे राहिले. मी त्यांचं म्हणणं काकींच्या डाव्या कानात सांगितलं. काकींनी हात उचललाच नाही.

"यंदा माफी नही," त्या त्यांच्या नेहमीच्या अहिराणीत म्हणाल्या.

संवत्सरीला माफी नाकारायची हे आमच्यात कुणी ऐकलेलं नाही.

"चूक व्हयनी ते माफ करस मी," काकी शांतपणे म्हणाल्या. "पन तू चुकी नही ऱ्हायना, टायी ऱ्हायना. टायाटायले माफी नही. मन्हा कान चालनात. कान शेत तवलग माले मन्ही गोट आयकनी शे."

ह्यांचा चेहरा पडला. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी हेच सांगत होते, पण बायकोचं टाळाटाळ म्हणणं कोण मनावर घेतं?

त्या आठवड्यात ह्यांनी खरंच एक पान लिहिलं आणि काकींच्या कानाशी बसून मोठ्याने वाचलं. पहाट, धुकं, दूरवर एक कंदील, असं बरंच काही होतं. काकींनी मधेच हात वर केला.

"हाई मन्हं नही शे. हाई तुन्हा टेसनमास्तरनं शे. मन्ही गाडी ते दुपारले निंघे."

ह्यांची मान खाली गेली. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसलं की हे ती पुस्तकं काकींनाच तर वाचून दाखवायचे. त्या झोपल्यात असं आम्हाला वाटायचं. कंदिलासकट सगळं त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"पुस्तक मिट," काकी म्हणाल्या. "मन्हाकडे देख आनि लिख."

तेव्हापासून ह्यांनी दुपारी काकींसमोर बसायचं, त्या सांगतील ते लिहायचं आणि तिथेच ओरडून वाचायचं, असं सुरू झालं. आवाज इतका चढायचा की समोरच्या दुकानातले चुनीलाल काम सोडून दारात येऊन ऐकायचे. घाटात बैल अडला तेव्हा काकींनी त्याला मारवाडीत शिव्या दिल्या, हे वाचल्यावर काकी स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना इतकं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि डावा कानही गेला. गाडी तेव्हा धडगावच्या बाजारात पोचली होती, पहिलं भांडं विकायचं राहिलं होतं. हे ओरडून वाचत होते, काकी नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी ह्यांनी कागद खाली ठेवला. दोन्ही हात जोडले.

काकींना जोडलेल्या हातांचा अर्थ कळला. कान गेलेली माणसं बोलतात तशा त्या मोठ्याने म्हणाल्या, "संवत्सरीले अजून टाईम शे. लिख."

आणि पहिलं भांडं कुणी घेतलं, ते सांगायला लागल्या.