मागे परसदार आहे का?

अनोळखी नंबरचे फोन मी घेत नाही. त्या सकाळी इस्पितळातून फोन आला, तो मी दोनदा कापला. पुन्हा वाजला तेव्हा घेतला, तर पलीकडची नर्स म्हणाली, तुमचे भाऊ गेले. मी तिलाच उलट विचारलं, भावाचं नाव सांगा, कुठल्या खाटेवर आहेत ते सांगा, काल डब्यातून मी काय दिलं होतं ते सांगा. आजकाल मरणाची बातमी देऊनही लोक लुबाडतात. ती बिचारी सगळं सांगत गेली आणि शेवटी म्हणाली, "काकी, ते कालच म्हणाले होते, माझं काय झालं तर तायला फोन करा, पण ती विश्वास ठेवायची नाय..." तेव्हा मी खाली बसले. असं बोलणारा अनूच.

संशय आमच्या घरात मुरलेला. वडील आंब्याचे व्यापारी. पेटी समोर आली की वरच्या थराकडे बघायचेसुद्धा नाहीत, सरळ पेंढ्यात हात घालून तळाचा आंबा काढायचे. अनू आणि मी तेच शिकलो. मी बांगडा घेताना कल्ले उघडून बघते आणि कोळीण माझ्याकडे रागाने बघते. अनूने उभा जन्म जहाजाच्या इंजिनात काढला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होऊन वडिलांच्या घरी राहायला आला. मी दोन गल्ल्या पलीकडे. दर रविवारी तो मला स्कूटरवर घालून आरे-वारेच्या जोडकिनाऱ्यांवर न्यायचा. एका वाळूवरून निघून मधला चढ चढायचा आणि दुसऱ्या वाळूवर उतरायचं... सगळ्या वाटेत आमची भांडणं.

एरवी तो कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळे, क्रिकेट खेळे. पण तलवारी आणि जादूगारांचे ते ऑनलाइन खेळ, ज्यात आपण दुसरंच कुणीतरी होऊन हिंडायचं, त्यांचा त्याला मनापासून तिटकारा. "सोंगं नुसती," म्हणायचा. लहानपणी शिमग्याच्या खेळ्यांत सोंग घ्यायला बोलावलं की तो माळ्यावर लपून बसायचा. त्याचा जहाजावरचा मित्र, वेंगुर्ल्याचा लुईस, असलाच एक खेळ घे म्हणून मागे लागला, तेव्हा अनूचं पहिलं वाक्य, "ह्याला कमिशन मिळत असणार." पण थोडे दिवस फुकट खेळता येत होतं, म्हणून तपासायला बसला. लढाई नाही, मोहीम नाही. गावात शिरायचा आणि एकेका घराच्या मागे जाऊन बघायचा. म्हणे असल्या खेळांत घरं नुसती पुढून असतात, नाटकाच्या पडद्यासारखी. मग एक दिवस मला हाक मारली. "ताय, बघ गो! मागे परसदार हाय. विहिरीत पाणी हाय. दोरीवर कपडे वाळत घातलेत, कोण बघणार हाय ते? तरी केलंनी. फसवणारा माणूस एवढी मेहनत नाय करायचा."

आणि त्याने तो खेळ विकत घेतला! स्वतःच्याच नावाने, लुंगीसारखं काहीतरी गुंडाळलेला एक काटकुळा माणूस करून. सोंग घ्यायचंच तर माझंच घेतो, म्हणाला.

मला हे पटलं नाही. परसदार हा वरचा थर झाला, खाली काहीतरी वेगळं असणार. त्यातच त्याने आरे-वारे बंद केलं. कधी गर्दीचं निमित्त, कधी कचऱ्याचं, कधी स्कूटरच्या टायरचं. कुणी बाई असेल त्या खेळात, पैसे काढत असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. एका दुपारी मी न सांगता गेले आणि त्याच्या मागे खुर्ची ओढून बसले. पडद्यावर समुद्रकिनारा होता. बाकीचे लोक घोड्यांवरून उधळत होते आणि अनूचा काटकुळा माणूस एकटाच चालत होता. वाळू संपली, चढ आला, चढ चढला, पलीकडे उतरला... मग अनू पाणी प्यायला उठला. स्वयंपाकघरातून परत येईपर्यंत त्याला धाप लागली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून. चढ चढवत नाय गो आता." मग पडद्याकडे बोट करून म्हणाला, "तिकडे दम लागत नाय."

मला रडू आलं आणि रागही आला. डॉक्टरांकडे मी त्याला ओढतच नेलं. हृदय थकलंय, म्हणाले. त्यानंतर तो माझ्याच मागे लागला. "तू पण घे, दोघं चालू. नाव मात्र 'ताय'च ठेव." का म्हणून विचारलं तर नुसता हसला. मला सोंगं आवडत नाहीत, मी सांगितलं, आणि नावाचं काय गौडबंगाल आहे ते कळल्याशिवाय तर मुळीच नाही.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी तो खेळ विकत घेतला. अजूनही मला असले खेळ आवडत नाहीत. त्यात लुगडं मिळत नाही, म्हणून एक लांब झगा घेतला, केस पांढरे केले, नाव ठेवलं 'ताय'. खेळात लुईस मला न्यायला आला. वाळू, चढ, उतार, आणि मग अनूने तिथे बांधलेलं घर. पुढून अगदी साधं, रंगसुद्धा न दिलेलं. मी दाराशी थांबलेच नाही, थेट मागे गेले. विहीर होती. दोरीवर एक लुंगी. भोवती जांभ्यासारख्या तांबड्या दगडांचा बुटका गडगा, आणि समुद्राकडे तोंड करून दोन खुर्च्या.

लुईसने लिहिलं, "डावीकडची तुमची. 'ताय' नावाशिवाय कुणाला बसता येऊ नये अशी त्याने करून ठेवलीय."

"कशावरून?" मी लिहिलं. "तू बसून दाखव."

त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. त्याला बसता येईना.

मग मी बसले.