सुनंदाच्या लेखाची बारा पाकिटं

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. चुका तशा बऱ्याच झाल्या, पण बाकीच्या लोक विसरले. ही आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. परवा बँकेत पासबुक भरायला गेलो होतो. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हेच थे मास्तर. बुंदी चांगली होती."

आता बुंदी कशाची, ते ऐका.

सुनंदा, माझी बायको, आदिलाबादला एका कॉलेजात इतिहास शिकवायची. मी शाळेत गणित. शेवटची दोन वर्षं ती एका शोधनिबंधाच्या मागे होती. निजामाचं राज्य भारतात विलीन झालं, पुढं भाषावार राज्यं झाली, आमच्या जिल्ह्याचे काही तालुके महाराष्ट्रात गेले आणि आम्ही इकडं राहिलो. तेव्हा इथल्या मराठी गावांतल्या माणसांना काय वाटलं, हा तिचा विषय. काय झालं ते सरकारी कागदात सापडतं, काय वाटलं ते कुठंच सापडत नाही, असं म्हणायची. दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन बसनं निघायची आणि दिवेलागणीला यायची. मी काय करायचो? मी उत्तरपत्रिका तपासायचो. कुठं गेलीस, कोण भेटलं, हे विचारायचं राहूनच जायचं.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी ती गेली. तीन दिवसांचा ताप, बस.

उन्हाळ्यात तिच्या कॉलेजातल्या पद्मजा मॅडम घरी आल्या. इतिहास विभागाच्या प्रमुख, तेलुगु बाई, पण मराठी समजतं आणि जमेल तसं बोलतातही; नावापुढं मात्र तेलुगुतलं 'गारू', म्हणजे आपलं 'राव', लावतातच. म्हणाल्या, "मास्टर गारू, कॉलेज पुस्तक काढते. सुनंदाचा लेख त्यात पाहिजे, तिच्या नावानं. पण माझ्याकडं पहिली चार पानं फक्त. माणसांचं बोलणं नाही. जूनच्या आत मिळालं तर छापू."

मी म्हटलं, मी पुरा करतो. गणिताच्या मास्तरला आकडे मिळाले की सगळं जमतं असं वाटतं.

तिच्या कपाटात पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची कार्डं सापडली. पंधरा. प्रत्येकावर एक नाव, गाव, वय आणि खाली चार-पाच प्रश्न. उत्तरं कुठंच नाहीत. बारा कार्डांच्या कोपऱ्यात हळदीचं बोट आणि त्याच्याशेजारी कुंकवाचा ठिपका. उरलेल्या तीन कार्डांना काहीच नाही. स्वयंपाकघरात बसून काम करायची, रंगीत पेनं कुठं शोधणार, जे हाताशी होतं ते लावलं असणार.

मी विचार केला. घटना दोन, रंग दोन. हळद म्हणजे विलीनीकरण, कुंकू म्हणजे पुनर्रचना. ज्यांना दोन्ही लावलंय त्यांनी दोन्ही पाहिलंय, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे साक्षीदार हेच. सिद्ध झालं. बिनरंगाची तीन कार्डं बाजूला ठेवली. त्यांतल्या दोन माणसांचं निधन झाल्याचं मला ठाऊक होतं. तिसऱ्यावर माझंच नाव आणि घरचा पत्ता होता. हरवलं तर परत मिळावं म्हणून वह्यांवर मालकाचं नाव लिहितात, तशातलं ते असावं म्हणून खालचं वाचलंच नाही.

बारा जणांना पत्रं लिहिली. "येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या राहत्या घरी आपण सर्वांनी अगत्याने यावे. भोजनाची व्यवस्था केली आहे. सुनंदाची अपुरी इच्छा आपल्या साक्षीने पूर्ण व्हावी." प्रश्न दुसऱ्या पानावर. आणि तिची पद्धत मोडायची नाही म्हणून प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट, कुंकवाचा ठिपका. देवघरातला कुंकवाचा करंडा तिच्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. बोटं माखली. त्यामुळं दोन-चार पाकिटांना चारी कोपऱ्यांवर लागलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

आमच्याकडं हळदीकुंकू लावलेलं पाकीट आलं की ते आधी देवापुढं ठेवतात. निम्म्यांनी ठेवलं आणि उघडलंच नाही, वार-वेळ एकमेकांना फोन करून विचारली. बाकीच्यांना नातवंडांनी वाचून दाखवलं, तेही वार, वेळ आणि जेवण एवढंच. लग्नपत्रिकेचं दुसरं पान कोण वाचतं? आमची एकुलती एक मुलगी वर्षा लग्न होऊन यवतमाळला नांदते आहे. मुलगा नाही. म्हणजे या घरात लग्नाचं कोण उरलं?

गुडीहत्नूरहून रामराव काकांचा फोन आला. ऐंशीच्या पुढचे, भाजीपाला पिकवणारे, सुनंदाच्या यादीतलं पहिलं नाव.

"मास्तर, पत्र भेटलं. येतो आमी. पन इतकी घाई काऊन करून राह्यले?"

"जूनच्या आत करावंच लागेल काका. कॉलेजची मुदत आहे."

"कॉलेजची?" काकांनी विचारलं. "कोनासंगं करून राह्यले?"

"पद्मजा मॅडमसोबत. सुनंदाच्याच कॉलेजातल्या."

"म्हंजे बाईच्या वळखीतल्याच."

"दहा वर्षांची ओळख. घरी येणंजाणं होतं."

"लेकरंबाळं?"

"नाही काका, त्यांनी लग्नच केलं नाही."

"मराठी येते?"

"समजतं. बोलताना मधेमधे तेलुगु येतं."

"चालते. आमच्या नातसुनेचं बी तसंच हाय. दोन वर्सात शिकली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, तुमचं मन मोकळं झालं, बरं झालं."

फोन ठेवल्यावर मला कौतुकच वाटलं. शोधनिबंध कोण करतंय, कुणाबरोबर करतंय, तिला भाषा येते का, याची खेड्यातल्या म्हाताऱ्याला किती काळजी. सुनंदा सांगायची, या माणसांना इतिहासाची आस्था आहे, ते खरंच होतं तर.

शनिवारी वर्षाचा फोन आला. "बाबा, मला काही सांगायचं आहे का तुम्हाला?"

"नाही ग. का?"

"उद्याचं मला आजीकडून कळलं." मग म्हणाली, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "हो ग. चार महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटतंय. आता झोप लागते."

"ठीक आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा आवाज भरून आला होता. मला वाटलं, आईचं काम पुरं होतंय म्हणून.

रविवार उजाडला. बारा जणांना बोलावलं होतं, सावधगिरी म्हणून विसांचा स्वयंपाक सांगितला होता. आचाऱ्यानं गोड काय करू विचारलं, मी बुंदी म्हटलं. दहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. मे महिन्याच्या उन्हात, नवी धोतरं, कडक इस्त्रीचे सदरे, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. साडेअकरापर्यंत चाळीसेक झाली. बेल्लमपल्लीचे शंकरराव, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, डोक्यावरून पितळी हंडा घेऊन आले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "असू द्या. आमच्याकून एवढंच."

मला इतिहासाबद्दलची ही ओढ पाहून गहिवरून आलं, काय सांगू.

भिंतीवर मी मोठा कागद लावला होता, 'विलीनीकरण आणि पुनर्रचना'. शंकररावांनी तो सावकाश वाचला आणि म्हणाले, "खरं हाय. निजाम गेला, आंध्र आलं, तेलंगणा आलं, आता म्हनते जिल्ह्याचे बी तुकडे होतेत. आमी बसलो जागेवर. मानसाचं बी तसंच, मास्तर. मांडलं थे मोडते, परत मांडा लागते." वाक्य इतकं चांगलं होतं की मी लिहून घेतलं.

तेवढ्यात पद्मजा मॅडम आल्या. पुस्तकासाठी फोटो काढायचा म्हणून रेशमी साडी नेसून, केसांत गजरा माळून. बायकांनी त्यांना मधोमध बसवलं. एकीनं वारा घातला, एकीनं बांगड्या पाहिल्या.

शेवटी मामी आल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. तलमडुगुजवळच्या खेड्यात राहतात, बारा नावांत एक त्यांचंही होतं. सोबत माझा मेहुणा विठ्ठल. तो आत आला नाही. दारातच उभा राहिला.

"पाणी घे, विठ्ठल."

"तहान नाही, भाऊजी."

मे महिना, दुपारची वेळ, गच्च भरलेल्या बसमधून उतरलेला माणूस. तरी मला काही कळलं नाही. गणितात मी हुशार होतो, असं लोक म्हणतात.

मामी सरळ मॅडमपुढं गेल्या. पिशवीतून नवं लुगडं काढलं, नारळ काढला, तांदूळ काढले आणि त्यांची ओटी भरली. मॅडमना वाटलं, पाहुण्या बाईचा मराठी घरात असाच सत्कार करत असतील. त्या वाकून पाया पडल्या. मामींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"माय, माझ्या लेकीचं घर हाय हे. आता तुह्यं. नीट सांभाळजो. त्याईले मीठ कमी लागते, पन सांगत नाही थे, तसंच जेवतेत."

मग माझ्याकडं वळल्या. "जवाईबापू, म्या राग नाही धरला. एकल्या मानसाले घर खायाले उठते, मले का समजत नाही? फकस्त आंदी सांगाले पायजे होतं. पाकीट पाहून समजलं मले. चार महिने नाही झाले अजून."

मॅडमनी मांडीतल्या नारळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मास्टर गारू," हळूच म्हणाल्या, "मीठ कशासाठी?"

तेव्हा कुठं ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोर आलं. तेच, पण दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या देवापुढं ठेवलेलं. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. लेख, जूनची मुदत, कार्डं, हळद, कुंकू. सांगताना मधेच हसूही यायचं. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि तोंड झाकून किती वेळ तरी हलत होत्या. हसत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही.

रामराव काका म्हणाले, "मंग लगन नाही म्हना की."

"नाही काका."

"जेवन हाय ना?"

"आहे."

"मंग काई हरकत नाही."

शंकररावांनी हंड्याकडं पाहिलं. "मास्तर, ह्याचं कसं करू? नेऊ का ठेवू?"

विठ्ठल आत आला, माठापाशी गेला आणि एकापाठोपाठ तीन पेले पाणी प्यायला.

मामींनी ती कार्डं हातात घेतली. त्यांना वाचता येत नाही. एकेक कार्ड उन्हाकडं धरून कोपऱ्यावर बोट फिरवत होत्या.

"जवाईबापू, हे तं सारं झालेलं हाय."

"म्हणजे?"

"आमच्या घरी पेरनीच्या आंदी बियानं निवडून झालं का पोत्याले हळदीचं बोट लावतेत. मंग एकडाव पाहून बांधलं का कुकू. कुकू लावलं का त्या पोत्याले हात लावाचा नाही, थे झालं. लहानपनी हेच तिचं काम होतं. ह्या बाराही जनाचं आयकून झालं, लिवून झालं, त्याईले वाचून दाखवून बी झालं. वापस येतानी माझ्याकडंच बसून लिवे. वह्या माझ्या पेटीत हायत."

"मामी, मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कदी?"

काका म्हणाले, "आमी बी सांगतलं ना बाईले सारं. दोन डाव आल्ती. म्या भितीवरचा कागद पाहून म्हटलं, लगनात हे परत कायले काढून राह्यले."

म्हणजे पहा. ज्या बारा जणांना मी उन्हातान्हात बोलावलं, त्यांच्याकडून घ्यायचं काहीच उरलं नव्हतं. मॅडमनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग राहिलं कोण? हळद नाही, कुंकू नाही, ते?"

मी ते तिसरं कार्ड काढलं. माझं नाव, वय, घरचा पत्ता. खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'यांच्या वडिलांचं गाव किनवटकडचं, ते तिकडच्या राज्यात गेलं. भाऊबंद सगळे तिकडं. वडील एकटेच इकडं राहिले. का?' आणि त्याखाली पेन्सिलीनं, 'यांना सवड असेल तेव्हा विचारणे.'

तिनं विचारलं होतं. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापाशी उभी राहून दोन-तीनदा तरी विचारलं होतं. मी 'नंतर' म्हणालो होतो, वर न पाहता.

उत्तर काही मोठं नाही. बाबाही मास्तर. त्यांनी तिकडच्या बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. पण इथल्या शाळेत मराठी शिकवणारे ते एकटेच. मुलांची परीक्षा होऊ दे, मग जातो, म्हणाले. पुढच्या वर्षी दुसरी मुलं आली. एवढंच. सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्या दिवशी चाळीस माणसांसमोर सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि मग पंगत बसली.

वह्या विठ्ठलनं दुसऱ्याच दिवशी आणून दिल्या. लेख छापून आला, तिच्या नावानं. मॅडम म्हणत होत्या, तुमचं उत्तरही त्यात घालू. मी नको म्हटलं. लेख तिचा आहे, त्यात तिनं ऐकलेलंच असावं. म्हणून शेवटच्या पानावर एक छोटी यादी आहे, 'ज्यांची भेट होऊ शकली नाही'. नावं तीन. पहिल्या दोघांपुढं लिहिलंय, निधन. तिसऱ्यापाशी मॅडम अडल्या आणि छापखान्यातून मला फोन केला.

"मास्टर गारू, तुमच्या नावापुढं कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "घरीच होते, असं लिहा."