मायसाठी सोडवलेलं मोटारीचं चाक

माय आज सकाळी गेली.

नव्वदी ओलांडली होती, म्हणून कृपा करून कोणी "सोनं झालं" लिहू नका. आम्हाला ती अजून हवी होती.

फोटो सगळे टाकतातच. मी तिची एक गोष्ट टाकते. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. भाजी निवडता निवडता तिनंच मला सांगितलेली, तुकड्या-तुकड्यांनी.

रिठदच्या शिवारात आमचा भाजीचा मळा. माय तिथं लग्न होऊन आली तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि तिकडे मोठी लढाई पेटली होती.

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच तिच्या पोटात कळा आल्या. बाबांनी बैलगाडी जुंपली. लाकडी चाकं, त्यावर लोखंडी पट्टीची धाव, आणि वाशीमच्या दवाखान्यापर्यंत सगळा दगडगोट्यांचा रस्ता.

बाळ गाडीतच झालं.
रडलं नाही.

सोबत आजी होती, म्हणजे मायची सासू. तिनं बाळाला लुगड्यात गुंडाळलं आणि कोणाला दाखवलं नाही. मायलाही नाही.

गाडीच्या धक्क्यांनीच ते गेलं का, देव जाणे. पण बाबांच्या डोक्यात तेच बसलं.

मायला पुन्हा दिवस गेले, तेव्हा बाबा बैलांकडून ओढवून एक मोडकी मोटार मळ्यात घेऊन आले!
एका व्यापाऱ्याची होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून पडून राहिलेली. इंजिन कोणीतरी आधीच काढून नेलं होतं.

बाबांना मोटार नकोच होती. त्यांना हवा होता मागच्या दोन चाकांना जोडणारा आस, त्याची रबरी चाकं आणि त्यावरचे स्प्रिंगचे पाटे. त्यावर बैलगाडी बांधायची. म्हणजे धक्के बसणार नाहीत.

उजवं चाक ठीक होतं. डावं करकरायचं. आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं. ते साफ करायला हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, काढायला हवा होता. आणि तो आसाच्या निमुळत्या टोकावर असा घट्ट बसला होता की बस्स.

घासलेट पाजलं. निखाऱ्यांनी तापवलं. पहार लावली.
हललाच नाही.

बाबांच्या बोटांची सालटी निघाली. माय म्हणाली, "राहू द्या आता. हात पाहा तुमचे."

बाबा मान वर न करता म्हणाले, "त्या गाडीत तुले परत बसवत नाई मी."

त्या दिवसाबद्दल ते तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

शेवटी बाबांनी वाशीमहून ओळखीच्या इब्राहिम मिस्त्रींना आणलं. बाबा घण उचलणार, तेवढ्यात मिस्त्रींनी हात धरला.
"टोकावर मारू नको गा. आटे चपटे होतीन, मंग नट बी बसनार नाई. नट ढिल्ला कर, पन काढू नको. गाडीत वजन टाक अन् वावरात गोल गोल फिरव. हिसक्यानं सुटते तो."

"फिरवू कशी? इंजन कुठी हाये?"



माय मळ्यातल्या घराच्या दाराआड उभी होती. परक्या माणसासमोर सुनेनं बोलायचे दिवस नव्हते ते. तरी बोलली.
"बैल हायेत न आपले."

सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "माह्याकडे काय पाहता? बरोबर बोलून राह्यली ते."

मग काय! बैल मोटारीला जुंपले. मिस्त्री स्टिअरिंगवर, बाबा कासरा धरून पुढे. वजनाला मातीची पोती भरली, तरी कमी वाटायला लागलं. तर आजी पदर खोचून मागच्या सीटवर चढली.
"मी बसतो. वजन तं हाये माह्यात."

माय कडेला उभी राहून पाहत होती. रिकाम्या वावरात मोटार ढेकळांवरून फिरतेय, आजी दोन्ही हातांनी सीट धरून बसलीय. हे सांगताना माय नेहमी हसायची.

आणि एकदम टण्ण! बंदुकीसारखा आवाज झाला. बैल बुजले. आजी ओरडली, "मेली वं माय!"

बाबा चाकाकडे धावले. हब सुटला होता.

मिस्त्री आणि बाबा चाकाला भिडले. आजी मात्र मोटारीतून उतरलीच नाही. तिनं मायला हाक मारली. "ये वं, बस माह्याजवळ. आता हालत नाई हे."

माय तिच्या शेजारी बसली. आजी समोर बघत म्हणाली,
"पोरगी व्हती ते. तुले सांगतलं नाई मी. माह्याच्यानं झालं नाई."

माय म्हणाली, "कशी व्हती?"

"तुह्यासारखी. नाक तं तुहंच."

दोघी त्या बिनइंजिनाच्या मोटारीत बसून पोटभर रडल्या. बाबांना वाटलं, आजीला लागलं की काय.

पुढे गाडी झाली. पाट्यांचे गंजलेले बोल्ट काढायला आणखी बरेच दिवस गेले, पण झाली. दिवस भरले तेव्हा माय त्याच गाडीतून वाशीमच्या दवाखान्यात गेली, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून. बाबांनी सगळी वाट बैल न पळवता चालवतच नेले.

दादा झाला. चांगला टाहो फोडून रडला.

आज त्याच दादानं मायला खांदा दिला. ऐंशीच्या घरात आहे, काठीशिवाय चालवत नाही. आम्ही नको म्हणत होतो. ऐकलं नाही.

आम्ही चौघं भावंडं. पण लेकरं किती असं कोणी विचारलं, की माय म्हणायची, "पाच. मोठी पोरगी."

माय, थोरलीला आमचा नमस्कार सांग.
आणि तुला आम्हा सगळ्यांचा शेवटचा रामराम.